श्रोणी व वंक्षण-उलूखल भग्न : पुनर्वसनात वैद्याचे कर्तव्य

अपघातातील श्रोणिभग्नाचे रुग्ण आम्हा वैद्यांकडे बहुधा शस्त्रकर्मानंतरच येतात. सुश्रुताचार्यांनी नितंबास्थीची गणना कपालास्थींत केली व कटीतील कपालभग्न वर्ज्य मानला. आज शस्त्रकर्मामुळे त्याची साध्यता वाढली असली, तरी आचार्यांची सावधगिरी कालबाह्य ठरत नाही.

शारीरविचार : वंक्षणसंधी उलूखल प्रकारचा आहे. उखळीच्या भारवाही भागात तुकडे २ मि.मी.हून अधिक सरकलेले राहिले, तर तरुणास्थी झिजून पुढे संधिवात जडतो. जुदे व लेतूर्नेल यांनी १९६४ मध्ये या भग्नांचे पाच मूल व पाच संयुक्त प्रकार सांगितले. आजही तेच वर्गीकरण प्रचलित आहे.

प्रथम अवस्था (सुमारे ८ ते १२ आठवडे) : कपाटशयनामागील तत्त्व निश्चलतेचे आहे. मात्र आज भग्न स्थिर केल्यावर रुग्णास लवकर उठवतात. त्या पायावर पूर्ण भार तेवढा टाळतात. भार केव्हा द्यावा, हे शल्यविशारदानेच ठरवावे. उखळीची मागील भिंत भग्न असल्यास उकिडवे बसणे, मांडी घालणे व देशी पद्धतीचे शौचकूप वर्ज्य होत. लाक्षा गुग्गुळ, हाडजोड यांची योजना परंपरेने होते; परंतु रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असता शल्यविशारदास विचारल्याविना गुग्गुळ कल्प देऊ नयेत. औषधालयचालकांनीही विक्रीपूर्वी ही चौकशी करावी.

द्वितीय अवस्था : क्ष-किरण चित्रात संधान दिसल्यावर भार क्रमाने वाढवावा. नितंबपेशींचे बल वाढविणारे व्यायाम हा चिकित्सेचा कणा होय. काठी निरोगी बाजूच्या हाती द्यावी. व्रण पूर्ण रुजल्यावरच मृदू अभ्यंग करावा.

धोक्याची लक्षणे : पोटरीस सूज व वेदना असल्यास सिरेत रक्ताची गुठळी संभवते, तेथे मर्दन प्राणघातक ठरू शकते. अकस्मात श्वास लागल्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. पाऊल लोंबत असल्यास गृध्रसी नाडीला इजा असू शकते. काही महिन्यांनी जांघेत वेदना वाढल्यास ऊर्वस्थिशीर्षाचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका घ्यावी. संधी आखडत चालल्यास मांसात अस्थी निर्माण होत असण्याचा संभव असतो. तेथे बळाने ताणू नये.

मूल्यमापन : वेदना, चाल व संधीची हालचाल यांना प्रत्येकी ६ गुण देणारी मेर्ल दोबिन्ये यांची १८ गुणांची पद्धती प्रत्येक भेटीत नोंदवावी.

सारांश, हाड जुळले म्हणजे रुग्ण बरा झाला असे नव्हे. तो पुन्हा आपल्या कामावर उभा राहिला, म्हणजे चिकित्सा सफल झाली.