‘हॅव’ म्हणजे फक्त ‘जवळ असणे’ नव्हे!



आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे ‘हॅव’ हा शब्द मुलांना फार लवकर भेटतो. पुण्यातल्या माझ्या तिसरीच्या वर्गात मीही फळ्यावर ‘हॅव = जवळ असणे’ असं लिहून मोकळी झाले होते. ‘आय हॅव अ पेन’ सगळ्यांना जमलं. मग वाक्य आलं, ‘आय हॅव अ मदर अँड अ फादर.’ एक मुलगी गप्पच. जवळ जाऊन विचारलं तर हळूच म्हणाली, “बाई, माझे बाबा जवळ नाहीत. कामाला सुरतला असतात. मग मी काय म्हणू?”

चूक तिची नव्हती, मी सांगितलेल्या अर्थाची होती.

मराठीत ‘हॅव’साठी एकच एक क्रियापद नाही. इंग्रजी जिथे एका शब्दावर भागवते, तिथे आपण वाक्याची रचनाच बदलतो. बघा :

१) वस्तू : आय हॅव अ सायकल – माझ्याकडे सायकल आहे.
२) नाती : आय हॅव टू ब्रदर्स – मला दोन भाऊ आहेत. (मग ते कुठेही राहोत!)
३) अवयव : अ काऊ हॅज फोर लेग्ज – गाईला चार पाय असतात.
४) आजार : आय हॅव अ फीवर – मला ताप आलाय.
५) खाणंपिणं : वुई हॅव टी ॲट फाइव्ह – आम्ही पाचला चहा घेतो.
६) भाग पडणं : आय हॅव टू गो टू स्वारगेट – मला स्वारगेटला जावं लागणार आहे. इथे उच्चार बहुधा ‘हॅफ टू’ असा होतो.
७) मदतीला : आय हॅव फिनिश्ड माय होमवर्क – माझा गृहपाठ झालाय. इथे ‘हॅव’ला स्वतःचा अर्थ नाही. काम झालंय, एवढंच ते दाखवतं.

आता आपण मोठी माणसंही करतो ती एक चूक. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ असं म्हणू नये. नातं किंवा मालकी सांगताना नुसतं ‘हॅव’. मात्र ‘आय ॲम हॅविंग टी’ बरोबर आहे, कारण चहा पिण्याची क्रिया चालू आहे.

घरी शब्दार्थ पाठ करून घेण्याऐवजी एवढंच करा. मुलाला आधी मराठीत बोलू द्या : माझ्याकडे काय आहे? मला कोण आहे? मला काय होतंय? मला काय करावं लागतं? मग तीच चार वाक्यं इंग्रजीत. चारही ठिकाणी ‘हॅव’ आलेलं पाहून मुलांना गंमत वाटते, आणि मग ते विसरत नाहीत.

त्या दिवशी मी फळ्यावरची ओळ पुसली आणि ‘मला आई-बाबा आहेत’ असं लिहिलं. त्या मुलीने वहीत वाक्य उतरवलं आणि खाली स्वतःहून एक जोडलं : ‘माय फादर लिव्ह्ज इन सुरत.’