तांबडा दिवा वाचू या

आपण अक्षरे शिकलो. एस.टी.ची पाटी वाचू लागलो. आता मोटारीतली पाटी वाचू या. ही पाटी ड्रायव्हरच्या पुढ्यात असते. तिच्यावर अक्षरे थोडी, दिवे फार.

पुष्कळजण जुनी जीप घेऊन धंदा करतात. कोणी भाजी नेतो, कोणी माणसे. गाडी बंद पडली की पोटावर पाय येतो. म्हणून दिवे ओळखता आले पाहिजेत.

आधी किल्ली फिरवावी, पण इंजिन चालू करू नये. तांबडे दिवे लागतात. मग इंजिन चालू करावे. दिवे विझतात. किल्ली फिरवूनही एखादा दिवा लागला नाही, तर तो दिवा मुका झाला. त्याचा बल्ब गेला असेल, नाहीतर तार तुटली असेल. उद्या संकट आले तरी तो सांगणार नाही.

एका दिव्यावर तेलाच्या झारीचे चित्र असते. इंजिनातल्या ऑईलचा दाब उतरला की तो लागतो. मग गाडी कडेला घ्यावी आणि इंजिन लगेच बंद करावे. "पुढच्या गावापर्यंत जाऊ," असे म्हणू नये. ऑईलवाचून लोखंडावर लोखंड घासते आणि इंजिन जाम होते. थोडे थांबून पट्टी ओढून ऑईल बघावे. कमी असेल तर घालावे. ऑईल पुरेसे आहे आणि दिवा तरी जळतोच, तर मिस्त्रीला तिथेच बोलवावे.

दुसऱ्या दिव्यावर बॅटरीची पेटी असते. तिच्यावर अधिक आणि उणे अशा खुणा असतात. बॅटरी बहुधा १२ व्होल्टची असते. चालत्या इंजिनावर डायनॅमो किंवा अल्टरनेटर फिरतो आणि तिला सुमारे १४ व्होल्टने चार्ज करतो. हे चार्जिंग थांबले की दिवा लागतो. इंजिन बंद करून फॅनचा पट्टा बघावा. तो तुटला असेल तर पुढे जाऊ नये. पुष्कळ गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप चालतो. तो थांबला की इंजिन तापते.

पट्टा ठीक असेल तर बॅटरीच्या तारा बघाव्या. त्यांच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरते. गाडीच्या पत्र्याला जोडलेली तार आधी सोडवावी आणि शेवटी जोडावी. गरम पाणी आणि खायचा सोडा यांनी टोके धुवावी. बॅटरीजवळ विडी पेटवू नये. तिच्यातला वायू भडकतो.

फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा घालावा. १० चा उडाला तर १० चाच. काहीजण सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवतात. मग फ्यूज उडत नाही, आतली वायर जळते. कधी गाडीच पेट घेते.

कोणी जळत्या दिव्यावर चिकटपट्टी लावतो. दिवा झाकला म्हणून दुखणे बरे होत नाही.

सांगा पाहू :
१. झारीचा दिवा लागला तर आधी काय करावे?
२. फ्यूजच्या जागी चांदी का घालू नये?