माव्यातली अळी चिरडण्याआधी

मार्गशीर्ष-पौषात दोन-तीन दिवस आभाळ आलं की अहिल्यानगर जिल्ह्यात मावा चढतो: पाथर्डी-शेवगावच्या ज्वारीत, जामखेडच्या करडईवर, घरामागच्या वालाच्या शेंड्यांवर. पानं चिकट होतात, मुंग्यांची ये-जा सुरू होते आणि कोणीतरी पंप पाठीवर घेतो. त्याआधी दोन-चार शेंडे उलटून पाहा. माव्याच्या गर्दीत हिरवट, बिनपायाची, तोंडाकडे निमुळती होत गेलेली अळी दिसली तर ती सिरफिड माशीची आहे. पान कुरतडणाऱ्या अळीला डोकं आणि पाय स्पष्ट असतात. हिला दोन्ही दिसत नाहीत. ही आंधळीच. तोंड इकडेतिकडे फिरवत चाचपडते, मावा सापडला की वर उचलून धरते आणि रस शोषून रिकामं कातडं टाकून देते. मोठी होईपर्यंत शेकडो मावा फस्त करते. शेतकरी मात्र तिला कीड समजून अंगठ्याखाली घेतात, याचं वाईट वाटतं.

माव्याजवळच पांढरं, तांदळाच्या कणीसारखं एकेकटं अंडं असतं. कोष पानाला चिकटलेला, थेंबाच्या आकाराचा.

माशी ओळखायला परसबागेइतकी सोयीची जागा नाही. सकाळी ऊन पडल्यावर फुललेल्या शेपू-कोथिंबिरीजवळ थांबा. हवेत एका जागी स्थिर राहून झटकन बाजूला सरकणारी पिवळी-काळी माशी दिसेल. पोरं तिला मधमाशी किंवा गांधील समजून पळतात, पण हिला नांगी नाही. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या, हिला एकच. डोळे मोठे, मिशा अगदी आखूड. दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतील तर बहुधा नर. मादीच्या डोळ्यांत फट असते.

आपल्याकडे नेहमी भेटणारी म्हणजे इस्किओडॉन स्कुटेलॅरिस. जेमतेम सेंटिमीटरभर लांब, छातीच्या दोन्ही कडांना पिवळी रेघ, काळ्या पोटावर आधी पिवळ्या ठिपक्यांची जोडी आणि मागे पट्टे. पोटावरच्या नारिंगी पट्ट्यात मिशीसारखी आणखी एक बारीक काळी रेघ असेल तर ती एपिसिर्फस बाल्टिएटस. तणाच्या फुलांवर फिरणारी पाच-सहा मिलिमीटरची काळपट-तांबूस पॅरॅगस बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तिन्हींच्या अळ्या मावा खातात. ऊस पट्ट्याला 2002 पासून लोकरी माव्याने छळलं, तेव्हा त्याच्यावर ताव मारणाऱ्यांत डिफा आणि मायक्रोमस यांच्याबरोबर युपिओडिस कॉन्फ्रेटर ही सिरफिडही होती.

एरिस्टॅलिनसचं तंत्र वेगळं. दणकट अंग, ठिपक्यांचे किंवा पट्ट्यांचे डोळे, छातीवर उभ्या रेघा. तिची शेपटीवाली अळी गटाराच्या, शेणमिश्रित पाण्यात वाढते आणि माव्याशी तिला घेणंदेणं नाही. पण माशी फुलांवर भरपूर राबते. मोबाइलच्या फोटोवरून दरवेळी नेमकी जात सांगता येत नाही, आणि शेतकऱ्याला त्याची गरजही नाही. वरचे चार चेहरे ओळखले तरी काम भागतं.

खात्री हवी असेल तर अळी, माव्यासकट शेंडा आणि ओल्या कापसाचा बोळा बरणीत ठेवून तोंडाला मलमल बांधा. मावा संपला की नवा शेंडा टाका. कोष झाल्यावर आठवडा-दहा दिवसांत माशी निघते. कधी तिच्याऐवजी बारीक गांधीलमाशी निघते. ती सिरफिडची परजीवी. मित्राचाही शत्रू असतोच!

परसबागेत शेपू, कोथिंबीर, मोहरी, बडीशेप यांचे थोडे वाफे फुलावर जाऊ द्या. माशीला अंडी घालायला आधी पराग आणि मध लागतो. अळ्या दिसत असतील तर फवारणी थांबवा आणि तीन-चार दिवसांनी शेंडे पुन्हा पाहा. मावा वाढतच असेल तर पाच टक्के निंबोळी अर्क मारा, पण सगळ्या बागेवर नको, चिकटलेल्या शेंड्यांपुरताच. हवेत ओलावा असेल तर लेकॅनिसिलियम लेकानी लिटरला 5 ग्रॅम चालतं.

ज्यांनी कांद्याचं बी धरलंय त्यांनी जास्त जपायला हवं. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतं. त्यामुळे परक्या फुलाचा पराग आणणाऱ्या मधमाश्या आणि माश्या नसतील तर गोंडा दिसायला भरघोस आणि बियाला पोकळ राहतो. म्हणून फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे उमलण्याआधीच उरकून घ्या. नंतर फवारणी टाळता आली नाहीच, तर दिवस मावळताना, माश्या फुलांवरून गेल्यावर करा.