टोमॅटोचा हंगाम आणि पिकअपचा रॅक: आधी कॅरेट मोजा, मग पाइप कापा

जून-जुलैत निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर या पट्ट्यात टोमॅटोची रोपे लागली की पहिल्या तोडणीला साधारण साठ-सत्तर दिवस मिळतात. तार-काठी, सुतळीने बांधणी आणि फवारण्या यांत ते दिवस भुर्रकन निघून जातात. गणपतीच्या सुमारास पहिला माल लाल व्हायला लागला की मग गाडीची आठवण होते, आणि वेल्डिंगच्या दुकानापुढे रांग लागते. कारागिराला घाई, आपल्यालाही घाई. "चार फूट उंच कर आणि चांगला जाड कर" एवढ्या बोलीवर रॅक तयार होतो. ज्यांना यंदा पिकअपवर किंवा छोट्या हत्तीवर रॅक बसवायचा आहे, त्यांनी हे काम श्रावणातल्या उघडिपीत हातावेगळे करावे. त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. रॅकमुळे गाडीची ओझे वाहण्याची ताकद तसूभरही वाढत नाही. उलट रॅकचे जेवढे वजन, तेवढा माल कमी भरावा लागतो. रॅक असतो तो आहे तेवढा माल न दबता, न सरकता बाजार समितीच्या ओट्यापर्यंत नेण्यासाठी.

म्हणून पहिले पाऊल वेल्डिंगच्या दुकानात नव्हे, वजनकाट्यावर टाकावे. गाडीच्या आरसीवर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन. या दोहोंतला फरक म्हणजे गाडीची क्षमता, असे आपण धरून चालतो. पण त्या फरकात ड्रायव्हर, सोबतचा माणूस, ताडपत्री, दोर आणि नंतर बसवलेला रॅक हे सगळे बसवायचे असते. समजा, हा फरक १३०० किलो आहे. दोन माणसांचे १४० किलो आणि रॅकचे ७० किलो गेले की उरले १०९०. टोमॅटोचे भरलेले कॅरेट म्हणजे वीस किलो माल आणि दीड-दोन किलोचे प्लॅस्टिक, मिळून २२ किलो धरू. म्हणजे गाडीत ४९ कॅरेट बसतात. त्यावरचे प्रत्येक कॅरेट ब्रेकवर, ॲक्सलवर आणि टायरवर उधारीने चढवलेले असते. सर्वांत खात्रीचा आकडा हवा असेल, तर रॅक बसवल्यावर टाकी पूर्ण भरून, दोघे जण बसून, दोर-ताडपत्रीसह गाडी काट्यावर घ्या. आरसीवरच्या कमाल वजनातून तो आकडा वजा करा आणि उरलेल्या वजनाची कॅरेट किती होतात ते रंगाने हौद्याच्या आत लिहून ठेवा. भरणारा माणूस रोज बदलतो, त्याला तोंडी सांगून भागत नाही.

कॅरेटच्या मापाचा रॅक

बाजारात भाजी-फळांचे सर्रास चालणारे कॅरेट बाहेरून साधारण ५४० मिलिमीटर लांब, ३६० रुंद आणि २९० उंच असते. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, म्हणून आपल्या घरचे कॅरेट टेपने मोजावे. आता हौदा आतून नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद आहे असे धरा, म्हणजे अंदाजे २७४० बाय १६७५ मिलिमीटर. कॅरेट आडवी लावली, तर रुंदीत तीन आणि लांबीत सात, असा २१ चा थर बसतो. उभी लावली, तर रुंदीत चार आणि लांबीत पाच, म्हणजे २० च. आडव्या मांडणीत रुंदीला १६२० मिलिमीटर लागतात आणि दोन्ही बाजू मिळून जेमतेम ५५ मिलिमीटर जागा शिल्लक राहते.

नेमकी इथेच गफलत होते. कारागीर ४० मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचे खांब हौद्याच्या आतून उभे करतो, कारण आतून बोल्ट मारणे सोपे पडते. दोन्ही बाजूंचे मिळून ८० मिलिमीटर गेले की तिसरे कॅरेट रुंदीत बसत नाही. मग मांडणी बिघडते, मध्ये फटी राहतात, त्या फटींत कॅरेट हलते आणि हललेले कॅरेट माल मारते. तेव्हा खांब हौद्याच्या कडेच्या पत्र्याच्या वर किंवा कंपनीने खांबांसाठी दिलेल्या खोबणीत उभे करावेत. बाहेरून लावायचे असतील, तर गाडीच्या मूळ रुंदीच्या बाहेर काही डोकावणार नाही हे पाहावे. कारागिराकडे जाताना गाडीसोबत सहा रिकामी कॅरेट न्या. दोन ओळी प्रत्यक्ष लावून, खडूने खुणा करून मगच पाइप कापायला सांगा.

उंचीचेही गणित याच आकड्यांतून निघते. ४९ कॅरेट म्हणजे दोन पूर्ण थर आणि वर सात. हौद्याच्या तळापासून पावणेतीन-तीन फुटांत हा माल संपतो. मग पाच-सहा फुटांचा रॅक कशाला? तेवढी उंची मोकळी दिसली की ती भरण्याचा मोह होतो, आणि भरायला जमलेल्या हमालांपुढे "नको" म्हणणे अवघड जाते. टोमॅटोसाठी चार फूट भरपूर झाले. दसऱ्याला झेंडू, पुढे मक्याचा हिरवा चारा किंवा कडबा असा हलका पण जागा खाणारा माल न्यायचा असेल, तर वर खिळीने बसणारा आणि काढता येणारा दीड फुटाचा जोड करून घ्यावा. तो टोमॅटोच्या दिवसांत घरी ठेवावा.

धातू, सांधे आणि जागा

एवढ्या रॅकला खांबांसाठी आणि वरच्या चौकटीसाठी ४० बाय ४० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप पुरतो. त्याचे वजन मीटरला सव्वादोन-अडीच किलो भरते. मधले आडवे दांडे २५ बाय २५ चे चालतात. सहा खांब, वरची चौकट, मधल्या दोन ओळी आणि पायाच्या प्लेटा धरून रॅक ७० किलोंच्या आसपास उतरतो. हाच रॅक सगळा पाच मिलिमीटर जाडीच्या अँगलचा केला, तर शंभरी ओलांडतो. वरच्या तीस-चाळीस किलोंचा अर्थ दर फेरीला दोन कॅरेट कमी. जाडीने येते त्यापेक्षा जास्त मजबुती तिरप्या आधाराने येते. चौकटीच्या प्रत्येक बाजूला निदान एक तिरपा दांडा आणि खांबाच्या बुडाशी त्रिकोणी पट्टी हवीच. वळणावर आणि खड्ड्यात रॅक बाजूला झुकू पाहतो, तेव्हा सगळा ताण त्या बुडाच्या सांध्यावर येतो.

पुढची जाळी, म्हणजे केबिनच्या मागची, हा रॅकचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. मालवाहतुकीत बांधणीचा हिशेब करताना जोरात ब्रेक लागल्यावर मालाच्या वजनाच्या आठ दशांश एवढा जोर पुढे येतो असे धरतात. बाजूला आणि मागे वजनाच्या निम्मा. एक टन टोमॅटो असेल, तर आठशे किलोंचा रेटा ड्रायव्हरच्या पाठीकडे येऊ शकतो. ही जाळी दोन खांबांवर न ठेवता चारांवर घ्या आणि तिचे बूड हौद्याच्या तळाखालच्या आडव्या पट्ट्यांना बोल्टने बांधा. जाळी पत्र्याने बंद करू नका, मागच्या काचेतून दिसले पाहिजे. आणि रॅकचा कोणताही भाग केबिनच्या टपाला जोडू नका. केबिन रबराच्या बुशांवर बसलेली असते, तिची आणि हौद्याची हालचाल वेगवेगळी होते. दोन्ही एकमेकांना बांधले की काही दिवसांत टपाचा पत्रा फाटतो किंवा सांधा तुटतो. मध्ये चार बोटे तरी मोकळी ठेवा.

चेसिसला वेल्डिंग करू देऊ नका आणि छिद्रही पाडू देऊ नका. चेसिसच्या पोलादाला ठरावीक ताकद दिलेली असते. वेल्डच्या उष्णतेने ती त्या जागी कमी होते आणि पुढे तिथूनच तडा जातो. रॅक हौद्याच्या आडव्या पट्ट्यांना १२ मिलिमीटरच्या, डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेल्या बोल्टने, खाली जाड प्लेट आणि नायलॉनवाला लॉकनट घालून बसवावा. गाडीवर वेल्डिंग टाळता येत नसेल, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत सेन्सर आणि संगणकी पेटी असते, वेल्डिंगचा प्रवाह त्यात घुसला तर खर्च रॅकच्या वर जातो. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी शेजारी लावायला सांगा. डिझेलची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग ओल्या पोत्याने झाका, वाळूची बादली हाताशी ठेवा. ओल्या जमिनीवर वेल्डिंगचे काम नकोच; पावसाळ्यात वीज उतरून माणूस दगावतो. कोरडा गाळा असलेल्या कारागिराकडेच जा.

रंगाला घाई करू नये. वेल्डवरची खपली झाडून, ग्राइंडर फिरवून, आधी रेड ऑक्साइड आणि ते पूर्ण वाळल्यावर वरचा रंग. चौकोनी पाइप आतून गंजतो, म्हणून वरची तोंडे बंद करा आणि प्रत्येक खांबाच्या बुडाशी पाणी निथळायला बारीक छिद्र ठेवा. गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरला, तर वेल्डच्या जागचा जस्ताचा थर आधी घासून काढावा लागतो. नाहीतर जळणाऱ्या जस्ताचा धूर कारागिराच्या छातीत जातो, ही त्याच्या जिवाची गोष्ट आहे. कॅरेट जिथे घासते त्या आतल्या दांड्यांवर जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या गुंडाळा.

रॅकसोबत हमखास एक सल्ला मिळतो: "एक-एक पाटा चढवून घ्या, मग कितीही भरा." हा सल्ला मानू नका. जादा पाट्याने गाडी खाली बसलेली दिसत नाही एवढेच. ब्रेक, ॲक्सल, चाकांचे बेअरिंग तेच राहते. शिवाय पाटे कडक झाले की प्रत्येक खड्ड्याचा दणका सरळ मालाला बसतो. खालच्या थरातला टोमॅटो वरून धड दिसतो आणि वाशीला पोहोचेपर्यंत आतून पाणी होतो.

भरणी आणि झाकण

कॅरेट काठोकाठ भरू नका. काठाच्या वर आलेला टोमॅटो वरच्या कॅरेटचे ओझे स्वतः झेलतो. दोन बोटे खाली भरले, तर ते ओझे कॅरेटच्या कडांवरून खाली उतरते. कॅरेट पुढच्या जाळीला टेकवून लावायला सुरुवात करावी. तिसऱ्या थरातली सात पुढेच ठेवावीत. मागे ठेवली की भार मागच्या ॲक्सलच्या पलीकडे जातो, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हाताला लागत नाही. वरच्या मापाच्या हौद्यात सात ओळींनंतर मागे २२० मिलिमीटर जागा उरते. ती तशीच सोडली, तर कसारा घाटात ब्रेक आणि चढ-उतारावर सगळा माल पुढे-मागे खेळतो. फाळक्याआधी पुढे-मागे सरकवता येईल असा आडवा दांडा बसवून घ्यावा. बांधायला नायलॉनच्या दोरीपेक्षा रॅचेटचा पट्टा बरा, दोरी ताणून सैल होते. पट्टा कॅरेटच्या कडेवरून न्या, मालावरून नको.

ताडपत्री मालावर अंथरू नये. तोडलेला टोमॅटो श्वास घेतो, उष्णता सोडतो, आणि ऑक्टोबरच्या उन्हात चिकटून बसलेल्या ताडपत्रीखाली तो शिजल्यासारखा होतो. रॅकच्या वरच्या चौकटीवर तीन कमानी घाला. पावसात त्यांवरून ताडपत्री उताराने टाका, उघडीप असेल तर शेडनेट पुरे. दोन्ही वेळी माल आणि झाकण यांच्यात वीतभर हवा खेळू द्या.

याच रॅकवर फळ्या टाकून रोपांच्या ट्रेसाठी कप्पे करता येतात, नर्सरीवाल्यांना ते सोयीचे पडतात. महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरीसाठीही कप्प्यांची मांडणीच योग्य, कारण ते फळ एकावर एक थर सोसत नाही. त्यात कप्प्याची उंची पेटीपेक्षा तीन-चार बोटेच जास्त ठेवावी.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदींशी जुळणार नाही असा बदल गाडीत परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. क्षमतेपेक्षा जास्त भार असेल, तर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. माल गाडीच्या बाहेर डोकावला तरी २०,०००. म्हणून काम सुरू करण्याआधी रॅकचा साधा आराखडा घेऊन आपल्या आरटीओ कार्यालयात विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. बोल्टने बसणारा, काढता येणारा रॅक फिटनेसच्या वेळी सोयीचा जातो. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावे लागते. रॅकवर किंवा भरलेल्या कॅरेटवर तोडणीच्या बाया-माणसांना बसवू नका. शेतापासून घरापर्यंतच्या अर्ध्या किलोमीटरसाठीही नाही. त्यांच्यासाठी वेगळी फेरी करा.

रॅकमुळे मागचे दिवे किंवा नंबरप्लेट झाकली जात नाही ना, हे अंधारात, वीस पावले मागे उभे राहून पाहा. परावर्तक पट्टी मागे लाल, बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी लावा. टोमॅटोचा हंगाम अर्ध्यावर असताना उसाचा हंगाम सुरू होतो आणि पहाटेच्या अंधारात रस्त्यावर विनादिव्यांच्या ट्रॉल्या उभ्या असतात. पहिल्या चार-पाच फेऱ्यांनंतर सगळे बोल्ट पान्याने पुन्हा आवळा, कारण नवा रंग आणि रबर दबल्याने ते थोडे सैल होतातच. मग दर आठवड्याला खांबांच्या बुडाचे सांधे पुसून बघा. रंगावर केसासारखी रेघ दिसली, तर त्या दिवशी गाडी भरू नका.