चौथे शील उंबऱ्याच्या आत



दर रविवारी सायंकाळी आपण विहारात किंवा कुणाच्या तरी खोलीत जमतो, तथागत आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमांपुढे मेणबत्ती लावतो व पंचशील ग्रहण करतो. त्यांतील चौथे शील म्हणजे 'मुसावादा वेरमणी', असत्य बोलण्यापासून अलिप्त राहणे. हे शील आपल्याला सर्वांत सोपे वाटते. थेरगावात आमच्या वस्तीतील एक ज्येष्ठ उपासक एकदा म्हणाले, "दारू सुटायला मला सहा वर्षं लागली. पण खोटं मी आधीही बोलत नव्हतो, तेव्हा चौथ्या शीलाचं मला काही ओझं नाही." मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते.

परंतु तथागतांनी वाचेचा दोष एकच सांगितलेला नाही, चार सांगितले आहेत. मुसावाद म्हणजे खोटे बोलणे. पिसुणवाचा म्हणजे चहाडी, दोघांत फूट पाडणारे बोलणे. फरुसवाचा म्हणजे कठोर, काळीज चिरणारे बोलणे. संफप्पलाप म्हणजे निरर्थक बडबड. या चारींपासून दूर राहणे म्हणजे अष्टांगिक मार्गातील सम्यक वाचा. आज आपण तिसऱ्या दोषाविषयीच बोलू, कारण तो दोष काय असतो हे आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे?

आपल्या पूर्वजांना तलवारीने फार थोड्या वेळा मारले असेल. शब्दाने रोज मारले. पाटलाच्या दारात उभे राहून 'जोहार मायबाप' म्हणावे लागे. त्या एका शब्दात वाकलेली पाठही होती आणि खाली घातलेली मानही. त्याच्या जागी 'जय भीम' आले. हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. ज्याने जोहार घालताना बापाला पाहिले आणि नंतर स्वतः ताठ उभे राहून जय भीम केला, त्याला शब्द म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही.

दुसरे उदाहरण जानेवारी १९३८ मधले. मुंबईच्या कायदेमंडळात लोकल बोर्डांच्या कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आले होते. त्यात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द घातला होता. वरवर पाहता शब्द गोड, देवाचे लोक! पण ज्यांना ते नाव लावावयाचे त्यांनाच ते मान्य नव्हते. दादासाहेब गायकवाडांनी सरळ विचारले, की अस्पृश्य देवाची माणसे असतील तर स्पृश्य मग कोणाची? बहुमताच्या बळावर तो शब्द राहिला, तेव्हा बाबासाहेब व स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृह सोडून बाहेर पडले. एका शब्दासाठी सभात्याग! काही लोकांना तेव्हा ते अति वाटले असेल. मला वाटते, त्या दिवशी बाबासाहेबांनी आपल्याला एक धडा दिला: शब्द गोड आहे की कडू हे बोलणाऱ्याने ठरवावयाचे नसते, तो ज्याच्या अंगावर पडतो त्याचे म्हणणे आधी ऐकावयाचे असते.

तथागतांच्या वाट्यालाही हे आले होते. श्रावस्तीत भिक्षेसाठी फिरत असता अग्गिक भारद्वाज नावाच्या अग्निपूजक ब्राह्मणाने त्यांना लांबूनच थांबविले आणि 'मुंडक', 'समणक', 'वसलक' असे हिणवले. वसल म्हणजे हीन, पतित. तथागतांनी उलट शिवी दिली नाही. ते मुकाट्याने निघूनही गेले नाहीत. त्यांनी विचारले, वसल कोणाला म्हणावे हे तुला माहीत आहे काय? आणि मग माणूस जन्माने वसल होत नाही, कर्माने होतो, हे त्याला समजावून दिले. चांडाळकुळात जन्मलेल्या मातंगाचे उदाहरण दिले, ज्याच्या सेवेला क्षत्रिय आणि ब्राह्मण येत. शिवी परत न फेकता तिचा अर्थच त्यांनी बदलून टाकला. सुत्तनिपातातील हे वसलसुत्त घरात मोठ्याने वाचण्यासारखे आहे.

आता कायदा आपल्या बाजूला आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा जातीवरून जाहीर अपमान करणाऱ्याला गुन्हेगार ठरवतो. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. हे सगळे मोलाचे आहे. त्याच्यामागे पुष्कळांचे कष्ट आहेत. परंतु कायद्यात एक अट आहे: तो अपमान लोकांच्या दृष्टीसमोर घडलेला असला पाहिजे. म्हणजे कायदा आपल्या उंबऱ्यापर्यंत येतो आणि थांबतो. आतल्या शब्दांसाठी फक्त शील आहे.

आत काय चालते? राग मानू नका, मी घरोघर जाणारी बाई आहे, माझ्या कानांवर येते ते सांगते. मूल होत नाही म्हणून सुनेला जो शब्द लावतात तो मी येथे लिहीत नाही. तो तुम्हांला माहीत आहे. पायाने अधू असलेल्या मुलाला त्याच्या अधूपणाच्याच नावाने हाक मारतात, आणि तो ओ देतो! पोरीचा रंग सावळा असेल तर लग्नाची बोलणी तिच्यादेखत, ती भांडे आहे अशा थाटात चालतात. आपल्या विहारात आज निरनिराळ्या घरांतून आलेले लोक आहेत. कुणी पूर्वाश्रमीचे महार, कुणी मातंग, कुणी चर्मकार, कुणी भटक्या जमातींतले. सर्व माणसे समान आहेत ही प्रतिज्ञा सर्वांनीच घेतली आहे. पण चाळीतल्या नळावर भांडण झाले की पहिला शब्द समोरच्याच्या जुन्या जातीचा निघतो. आणि चाकणच्या कारखान्यात सुपरवायझर आपल्याला ज्या सुरात हाक मारतो, त्याच सुरात आपण शेजारच्या खोलीतल्या बिहारी कामगाराला 'ए भैया' म्हणतो.

या गोष्टी किरकोळ आहेत असे वाटत असेल तर विनय काय सांगतो ते पाहा. भिक्खूंच्या नियमांत पाचित्तिय नावाचा एक वर्ग आहे. त्यातला पहिला नियम खोटे बोलण्याविषयी, तिसरा चहाडीविषयी, आणि या दोहोंच्या मध्ये दुसरा नियम आहे 'ओमसवाद', म्हणजे टोचून, हिणवून बोलणे. कशाकशावरून हिणवू नये याची तेथे यादीच दिली आहे: जन्म, नाव, गोत्र, काम, कसब, आजार, शरीराची ठेवण, मनाचे विकार, हातून घडलेली चूक आणि शिवी. चांडाळ, निषाद, पुक्कुस या त्या काळच्या हीन मानलेल्या जातींची नावेही त्यात आहेत. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी एका संघाने हे लिहून ठेवले! आणखी बारकावा असा, की मोठेपणाचा शब्द उपरोधाने वापरला तरी तो दोषच. आणि केवळ थट्टेत बोलले तर दोष हलका, पण दोष असतोच. त्याला 'दुब्भासित' म्हणतात, वाईट बोललेले.

याच नियमाच्या निमित्ताने नंदिविसाल बैलाची गोष्ट सांगितलेली आहे. मुलांना ती फार आवडते. तक्षशिलेत एका ब्राह्मणाकडे हा बैल होता. त्याने धन्याला सांगितले, एका श्रीमंताशी हजाराची पैज लाव, मी शंभर भरलेल्या गाड्या ओढीन. ब्राह्मणाने वाळू-दगडांनी भरलेल्या गाड्या एकामागे एक बांधल्या, पुढे बैल जुंपला, आणि ओरडला, "चल रे लबाडा, ओढ!" बैल चारही पाय खांबांसारखे रोवून उभा राहिला. पैज गेली. घरी तोंड लपवून पडलेल्या धन्याला बैलाने विचारले, मी तुझ्या घरात कधी एखादे मडके तरी फोडले काय? मग मला लबाड का म्हणालास? आता दोन हजारांची पैज लाव, पण तो शब्द वापरू नकोस. दुसऱ्या वेळी ब्राह्मणाने पाठीवर हात ठेवून त्याला 'भल्या बैला' म्हटले, आणि शेवटची गाडी पहिलीच्या जागेवर येईपर्यंत बैलाने ओढली.

ही गोष्ट मी सहावीच्या वर्गात अनेकदा सांगितली आहे. आणि त्याच वर्गात, तीन वर्षांपूर्वी, मी स्वतः तो ब्राह्मण झाले.

वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव दगड-धोंड्यांवरून ठेवलेले, आपल्या आजोबा-पणजोबांची असत तसे. मूल जगावे म्हणून अशी नावे सर्वच जातींत ठेवीत हे खरे. पण मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव निंदा दाखविणारे असावे असे सांगितले आहे, हेही खरे. त्या दिवशी मी त्याला धडा मोठ्याने वाचावयास सांगितले. तो अडखळला, मग गप्प झाला. मी म्हटले, "अगदी नावासारखाच आहेस." वर्ग हसला. मीही हसले. मी थट्टेतच म्हटले होते.

दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत येईना. नवव्या दिवशी मी त्याच्या खोलीवर गेले. वडील कंत्राटी कामावर गेले होते. आई वाकडच्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करून नुकतीच परतली होती. तिने मला पाणी दिले, चहा ठेवला. भांडली नाही. म्हणाली, "बाई, त्याच्या पणजाचं नाव हाय ते. गावात मेलेली जनावरं वढायचं त्यांनी सगळ्यांत आधी सोडलं. गावानं वाळीत टाकलं, पर सोडलं ते सोडलं. आम्ही दीक्षा घेतली तवा समद्यांची नावं बदलली. ह्याचं नाही बदललं."

मुलगा कॉटच्या कडेला बसून होता. माझ्याकडे पाहत नव्हता.

धम्मबांधवांनो, मनूने ज्या माणसाला हीन ठरवावे म्हणून तसे नाव योजले, त्या माणसाने आपल्या कर्माने ते नाव उजळले होते. आणि त्या घराण्यातली पहिलीवहिली वही-पुस्तके घेऊन आलेल्या पोराला, मी, बौद्ध, बी. ए. बी. एड. झालेली, मनूने सांगितल्याप्रमाणे हिणवून मोकळी झाले होते. मला तर हे आधीच कळावयास हवे होते. माझ्या आईला आजही सही येत नाही. सातवीत असताना माझ्या एका बाईंनी मला उभे करून म्हटले होते, "तू वाच. तुझा आवाज चांगला आहे." सारी मिळून सहा शब्दांची वाक्ये. त्यांवर मी पदवीपर्यंत चालत आले असे म्हटले तरी चालेल.

येथे कुणी विचारील, मग मुलाला चूक दाखवूच नये काय? दारू पिणाऱ्या नवऱ्याला काही बोलूच नये काय? तसे नाही. राजपुत्र अभय याने तथागतांना हाच पेच घातला होता, की आपण कुणाला अप्रिय वाटेल असे बोलता काय? अभयच्या मांडीवर त्याचे तान्हे मूल होते. तथागत म्हणाले, याने तोंडात खडा घातला तर तू काय करशील? अभय म्हणाला, बोट घालून काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याची दया आहे. तथागतांचे उत्तर त्यातच आले: सत्य आणि हिताचे असेल तर अप्रियही बोलतात, पण वेळ पाहून. खडा काढावयाचा आहे की तोंडात घालावयाचा आहे, हे बोलण्यापूर्वी पाहावे लागते. माझ्या वाक्याने त्या मुलाच्या तोंडात खडा घातला होता.

राहुल लहान असताना तथागतांनी त्याला विचारले होते, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, तो म्हणाला. तसेच बोलण्यापूर्वी, बोलत असताना आणि बोलून झाल्यावर पाहावे, की याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना इजा होते काय. झालेली असेल तर ते उघड सांगावे आणि पुढे सावध राहावे. खोटे बोलण्याविषयी राहुलाला केलेला हा उपदेश सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखात नावानिशी सांगितला आहे. भिक्खूंनी आणि भिक्खुणींनीच नव्हे, तर तुमच्या-माझ्यासारख्या उपासक-उपासिकांनीही तो वारंवार ऐकावा म्हणून. राजस्थानात बैराट येथे सापडलेला तो लेख आज कोलकात्यात आहे.

मला तिसरा प्रसंग लागू होता, बोलून झाल्यानंतरचा. खोलीवर मी आईची आणि मुलाची क्षमा मागितली. पण अपमान चार भिंतींत झाला नव्हता, चाळीस मुलांसमोर झाला होता. म्हणून तो परत आला त्या दिवशी वर्गासमोर उभे राहून मी म्हटले, की मी चुकीचे बोलले, आणि तुम्ही हसलात त्यालाही मीच कारण. मग आईची परवानगी घेऊन त्याच्या पणजोबांची हकीकत वर्गाला सांगितली. वर्ग शांत होता. हे सांगताना मला फार मोठे काही केल्यासारखे वाटत होते, हेही कबूल करते. तो मुलगा वहीवर पेन्सिलीने रेघा ओढत होता.

आता तो नववीत आहे. रोज येतो. रस्त्यात भेटला तर जय भीम करतो. माझ्या तासाला मात्र अजून हात वर करीत नाही. गणिताच्या सरांच्या तासाला करतो, असे ऐकते.