मांगलीची कवटी : उभयचरांच्या एका लुप्त गणाचा पाठ

आम्ही इतिहासाचे शिक्षक. परंतु वसतिगृहात संध्याकाळी अभ्यासाला बसलेली मुले विषयांची वाटणी मानीत नाहीत. काही वर्षांपूर्वी रोह्याच्या एका विद्यार्थ्याने कुंडलिकेच्या पात्रातून एक दगड आणला. त्यावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी होती. आम्ही तत्काळ ‘जिवाश्म’ अशी चिठ्ठी लावून तो कपाटात मांडला. पुढे भूगोल जाणणाऱ्या एका स्नेह्यांनी दाखवून दिले की ते पान नव्हेच. दगडाच्या फटीत मँगनीजच्या संयुगाने उमटवलेली ती नक्षी आहे. दोन वर्षे आम्ही मुलांना चुकीचे दाखवीत होतो. त्या चुकीच्या भरपाईसाठी जो पाठ आम्ही तयार केला, तो माजी विद्यार्थी व पालकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम आपल्या पायाखालचा खडक पाहू. पेण-रोह्याचे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हारसाचे आहेत. याच काळ्या कातळात पुढे कुडा येथील बौद्ध लेणी कोरली गेली. धगधगत्या रसात हाडे टिकत नाहीत. मात्र दोन थरांच्या मधल्या काळात तळी साचली, त्यांच्या गाळात जीव पुरले गेले. मुंबईत वरळीच्या टेकडीवर अशाच गाळाच्या दगडात लहान बेडकांचे सांगाडे मिळाले आणि १८४७ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन केले. आज त्या बेडकाला ‘इंडोबॅट्रॅकस’ म्हणतात.

परंतु बेडकांच्याही पूर्वी पाण्यावर राज्य करणारे उभयचर पाहायचे, तर विदर्भात जावे लागते. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ६० मैलांवर, वर्धा नदीच्या खोऱ्यात मांगली नावाचे गाव आहे. तेथील खडक सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या जवळजवळ चौपट वयाचा. स्कॉटलंडहून १८४५ मध्ये नागपुरास आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी या परिसरातील जिवाश्म गोळा केले. त्यांत मांगलीची एक चपटी कवटी होती. १८५५ मध्ये ओवेन यांनीच तिचे वर्णन करून ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ असे नाव दिले. अर्थ सरळ आहे : आखूड चेहऱ्याचा, रुंद डोक्याचा. ती कवटी आज लंडनच्या संग्रहालयात आहे.

हा प्राणी ‘टेम्नोस्पॉन्डिल’ या लुप्त गणातला. सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी हा गण उदयास आला. त्यातील काही बोटभर लांबीचे, तर काही मगरीएवढे होते. अनेकांच्या दातांचा आडवा छेद घेतला तर आत वळणावळणाच्या घड्या दिसतात, जणू भूलभुलैयाच. ब्रॅकिऑप्सच्या कुळातील प्राण्यांचे डोळे तोंडाच्या टोकाकडे सरकलेले असत आणि कवटीवर खाचा असत. माशांच्या अंगावर पाण्याची हालचाल टिपणारी रेषा असते, तिच्याच या खुणा. म्हणून हे जीव पाण्यातच राहत, असे म्हणता येते. एका खाचेवरून अख्खे जीवन वाचता येते. शिलालेखाच्या अक्षरावरून आपण राजवट ओळखतो, तसेच हे.

मांगलीच्याच दगडात चिमुकल्या शिंपल्यांसारखी कवचे असलेले जलजीवही मिळाले. त्यांतील एका जातीच्या नावात ‘मांगली’ कायमचे कोरले गेले. पुढे प्राणहितेपलीकडे, तेलंगणातील मलेरीच्या खडकांत याच गणातील मोठे प्राणी सापडले. त्यांचा अभ्यास कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने केला. या खडकांना ‘गोंडवन’ हे नाव गोंडांच्या प्रदेशावरून मिळाले आणि तेच नाव दक्षिणेकडील प्राचीन महाखंडालाही लाभले. एका आदिवासी समाजाचे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. त्या महाखंडाचाच भाग असलेल्या ऑस्ट्रेलियात या गणाचे शेवटचे ज्ञात प्राणी सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वी जगत होते. मात्र आजचे बेडूक याच गणाच्या एका शाखेतून आले, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

आता मूळ मुद्दा. ‘डायनोसॉर’ हा शब्द १८४२ मध्ये जगाला देणाऱ्या ओवेन यांनी मांगलीच्या प्राण्याला सरपटणाऱ्यांत गणले होते. पुढच्या अभ्यासकांनी पुरावा तपासून त्याला उभयचरांत आणले. त्यामुळे ओवेन लहान झाले नाहीत. ज्ञान मात्र मोठे झाले. कोणी थोर म्हणतो एवढ्यावरून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आपण वंदनेनंतर मुलांना सांगतो. तो शिक्षकाच्या चिठ्ठीलाही लागू आहे.

म्हणून कुंडलिकेचा तो दगड आम्ही फेकला नाही. तो कपाटात आहे. जुनी चिठ्ठी तशीच ठेवून तिच्याखाली दुसरी लावली आहे : ‘हा जिवाश्म नाही. आमची चूक झाली होती.’ दरवर्षी नवे विद्यार्थी ती वाचून विचारतात, “सर, कशावरून?” पालकहो, मृगाच्या पहिल्या पावसात शेतात बेडूक ओरडू लागले आणि तुमच्या मुलाने हाच प्रश्न विचारला, तर त्याला गप्प करू नका. हा पाठ त्या प्रश्नासाठीच आहे.