आधी खडक धरा, मग चेहरा

प्रश्न: पेडण्याच्या दशावतारावर लघुपट करतोय. हरवळेच्या धबधब्यापाशी मोबाइलवर घेतलेल्या दृश्यात राक्षस उभा करायचा आहे, कलाकाराला डिजिटल मुखवटाही चढवायचा आहे. ट्रॅकिंग कसं शिकू?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि आधी कॅमेरा ट्रॅकिंग शिका. स्थिर बिंदू चित्रात कसे सरकतात, यावरून संगणक कॅमेऱ्याची वाट शोधतो. म्हणून पाण्यावर किंवा हलत्या पानांवर बिंदू धरू नका. खडकाच्या कडा, चिऱ्यांचे कोपरे धरा. जवळचे आणि लांबचे मिळून किमान आठ बिंदू हवेत. एका जागी उभं राहून मोबाइल नुसता फिरवू नका, दोन पावलं बाजूला चाला. दृश्याची खोली त्यातूनच कळते. झूम आणि स्टॅबिलायझेशन बंद, फोकस लॉक. संगणकाने शोधलेल्या वाटेतली चूक (सॉल्व्ह एरर) एका पिक्सेलच्या आत आली की राक्षसाचे पाय जमिनीवर टिकतात.

मग मुखवट्यासाठी कलाकाराच्या चेहऱ्याला काजळाचे ठिपके लावा. कपाळ आणि नाकाचा दांडा डोक्याची हालचाल सांगतात. भुवया, ओठ भाव सांगतात. दोन्ही वेगळे ट्रॅक करा. पहिला सराव पाच सेकंदांच्याच दृश्यावर करा. चिकाटी ठेवा, नक्की जमेल.